न्यूझीलंडचं लँब आणि बीफ घरी केलं की चिवट होतं आणि वासही येतो, नेमकं काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की ऑकलंडला येऊन तीन महिने झाले. लँबची मांडी आणि बीफ आणलं, घरच्यासारखं कुकरला लावलं, तर लँबचा चोथा झाला, बीफ चिवट राहिलं आणि वास दोन दिवस घरातून गेला नाही. शिवाय बीफची चरबी पिवळी दिसली म्हणून दुकानदाराने शिळा माल दिला की काय, अशी शंका.

दुकानदाराचा दोष नाही. मी मूळची वसईची, गेली अकरा वर्षं हॅमिल्टनला आहे. पहिल्या हिवाळ्यात मीही मांडीच्या सहा शिट्ट्या केल्या होत्या आणि नवऱ्याने ताटातला तुकडा उचलून विचारलं होतं, 'हे दोरखंड कुठे बांधायचंय?'

आधी पिवळ्या चरबीचं. गाईचं तूप पिवळं आणि म्हशीचं पांढरं का असतं, ते आठवा. हिरव्या गवतात कॅरोटीन असतं. गाई-बैलांच्या शरीरात त्यातलं बरंचसं तसंच चरबीत उतरतं, तर म्हैस त्याचं जीवनसत्त्व अ करून टाकते. वसईत आमच्या घरी यायचं ते मांस म्हशीचं, त्यामुळे पांढऱ्या चरबीची सवय. इथली गुरं जवळजवळ वर्षभर कुरणात चरतात, म्हणून चरबी लोण्याच्या रंगाची. इथे 'ग्रास-फेड', म्हणजे गवतावर वाढलेलं, यात वेगळं सांगण्यासारखं काही नसतं. मेंढीची चरबी मात्र गवत खाऊनही पांढरीच राहते, तिथे पिवळेपणा शोधू नका.

आता चिवटपणा. अमेरिकेत बहुतेक गुरांना शेवटचे काही महिने मका वगैरे दाणा चारून जाड करतात, त्यामुळे मांसात चरबीचं बारीक जाळं तयार होतं. जरा जास्त शिजलं तरी ती चरबी मांस ओलसर ठेवते. इथल्या मांसात ती कमी, म्हणजे चुकीला माफी कमी. यूट्यूबवरच्या अमेरिकन रेसिपीतल्या वेळा जशाच्या तशा घेतल्या की इथलं मांस कोरडं पडतं. मी त्यांच्यापेक्षा आच थोडी मंद ठेवते आणि वेळेच्या आधीच तपासायला लागते.

पण तुमची खरी चूक वेगळी आहे, आणि ती आपण सगळेच करतो. आपल्याकडे मटण म्हणजे बोकडाचं, आणि खाटीक देतो ते मिसळीचं: थोडी मांडी, थोडा खांदा, चाप, एखादी नळी. सगळं एकत्र शिजतं, हाडाचा रस रश्श्यात उतरतो, मऊ-कडक एकमेकांना सांभाळून घेतात. इथे प्रत्येक भाग वेगळ्या पाकिटात येतो आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. मान, खांदा, नळी हे जनावराचे सतत राबणारे भाग, त्यांत कोलॅजन भरपूर. साधारण 70 अंश सेल्सियसच्या पुढे ते हळूहळू विरघळून रश्श्याला दाटपणा येतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो. बिनहाडाच्या मांडीत ते कमी. तिला कुकरमध्ये 120 अंशांच्या आसपासच्या वाफेत कोंडलं की तंतू आकसतात, पाणी पिळून बाहेर पडतं आणि उरतो चोथा.

म्हणून रस्सा करायचा असेल तर मांडी घेऊच नका. लँबचा हाडासकट खांदा किंवा मानेचे चॉप्स घ्या, स्वस्तही पडतात. ही पिल्लं वर्षाच्या आतली असतात, त्यामुळे कुकरच्या तीन शिट्ट्या, मग गॅस बंद आणि वाफ आपोआप उतरू द्यायची. घाईत शिट्टी उचलून वाफ सोडू नका. वेळ असेल तर कुकर विसरा: दोन किलोचा खांदा झाकणाच्या भांड्यात, ओव्हन 150 अंशांवर, चार तास. हाड हाताने ओढलं तर निघून यायला हवं. पाकिटावर 'हॉगेट' दिसलं तर सोडू नका. ती लँबपेक्षा थोडी मोठी मेंढी, चवीला आपल्या गावाकडच्या मटणाच्या जास्त जवळ, फक्त शिजायला वेळ जास्त घेते. बीफच्या रश्श्यासाठी चक (खांद्याकडचा भाग) किंवा 'ग्रेव्ही बीफ' घ्या. हे दुसरं म्हणजे पायाच्या नळीचं बिनहाडाचं मांस, नावावरून भलतंच काही वाटतं. मंद आचेवर तीन तास लागतात. दोन तासांनी ते अजूनही चिवट लागू शकतं आणि नेमकं तेव्हाच लोक हार मानून गॅस बंद करतात. अजून एक तास थांबा.

मांडी आणलीच असेल तर अख्खी भाजा. आदल्या रात्री किलोला दहा-बारा ग्रॅम मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडी ठेवा. भाजताना मांसाचा थर्मामीटर वापरा. ही वस्तू घ्याच, अंदाजपंचे कारभार इथे चालत नाही. आत 55 ते 57 अंश झाले की बाहेर काढून वीस मिनिटं तशीच राहू द्या, तोवर आणखी तीन-चार अंश चढतात. कापताना तंतूंच्या आडव्या दिशेने कापा. आपल्याला आत गुलाबी मांस बघून कसंसंच होतं, मला माहीत आहे. माझ्या सासूबाई आल्या तेव्हा मी 68 पर्यंत नेली होती, खाण्यासारखी राहिली. त्याच्या पुढे मात्र नाही. आणि खिम्याला हे नियम लागू करू नका. तो आतपर्यंत 75 अंश शिजलाच पाहिजे, कारण दळताना वरचे जंतू आत मिसळतात.

वासाच्या दोन गोष्टी आहेत. पाकीट फोडल्याबरोबर जो आंबूस वास येतो तो हवाबंद पिशवीचा. रंगही जांभळट दिसतो. वीस-तीस मिनिटं उघडं ठेवलं की वास विरतो आणि मांस लाल होतं. तरीही आंबूस वास राहिला किंवा हाताला बुळबुळीत लागलं, तर मात्र परत करा. नळाखाली धूत बसू नका. वास जात नाही, जंतू मात्र सिंकभर उडतात. कागदाने टिपून घ्या.

दुसरा वास मेंढीचा स्वतःचा, तो चरबीत असतो. काही विशिष्ट फॅटी आम्लं त्याला कारण, आणि क्लोव्हर (तिपानी चारा) मिसळलेलं कोवळं गवत चरलेल्या मेंढीत स्कॅटोल नावाचं द्रव्यही जास्त उतरतं. म्हणून वरचा चरबीचा जाड थर आणि पातळ पापुद्रा सुरीने काढा, आतली चरबी राहू दे. रस्सा आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवला तर वर पांढरी चरबी थिजते, ती चमच्याने उचलून टाका. मग वास निम्म्याहून कमी. आणि वाढताना कडकडीत गरम वाढा. मेंढीची चरबी पटकन थिजते आणि टाळूला चिकटते, बऱ्याच जणांना 'वास' वाटतो तो हाच प्रकार.

मसाल्याबद्दल विचारलंत. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण लँबला छान धरतं. बीफला मात्र मी आमच्या वसईकडचा बाटली मसाला (बाटलीत भरून ठेवायचा तिखट मसाला) आणि व्हिनेगर घालून इंद्याल, म्हणजे आंबट-तिखट रस्सा, करते. त्या आंबटपणासमोर पिवळी चरबी जड लागत नाही. कच्ची पपई इथे महाग, तिची गरज नाही. हिरवं किवी फळ किसून लावा, त्यातलं ॲक्टिनिडिन नावाचं द्रव्य मांस मऊ करण्याचं तेच काम करतं. सोनेरी किवी नको, त्यात ते फारच कमी असतं. आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका. मी एकदा रात्रभर ठेवलं, सकाळी मांसाचा वरचा थर लापशीसारखा हाताला आला.

तुम्ही बीफ खाता म्हणून दोन्हींचं लिहिलं. घरात कोणी खात नसेल तर लँबचं सगळं जसंच्या तसं लागू आहे. या शनिवारी मानेचे चॉप्स आणा, तीन शिट्ट्या करा, आणि रस्सा रविवारपर्यंत चाखू नका.