उलट्या चाव्याचे मूल समोर आल्यावर

आपण परभणीत नुकताच दातांचा दवाखाना सुरू केला आहे, म्हणून हे लिहितो. खालचे दात वरच्या दातांपुढे येणारे मूल दिसले की ‘सगळे दात बदलू द्या, मग पाहू’ असे सांगून परत पाठवू नये. खालचा जबडा अलगद मागे नेल्यावर पुढचे दात एकमेकांना टेकत असतील, तर तो बहुधा दातांना अडखळून पुढे सरकत असतो आणि साध्या, काढता-घालता येणाऱ्या प्लेटनेही काम भागू शकते. वरचा जबडाच मागे राहिला असेल, तर फेसमास्कचा (कपाळ व हनुवटीवर टेकून वरचा जबडा रबरांनी पुढे ओढणाऱ्या चौकटीचा) उपयोग साधारण 7 ते 10 या वयात सर्वाधिक होतो, कारण तोवर त्या हाडांचे सांधे पुरते घट्ट झालेले नसतात. मास्क रोज 12 ते 14 तास लागतो, तेव्हा संध्याकाळपासून सकाळपर्यंतची वेळ बरी. मात्र आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात हनुवटीवरची गादी घामाने भिजते, कातडी सोलवटते आणि मूल मास्क काढून ठेवते, त्यामुळे घाई नसल्यास पावसाळ्यात आरंभ करावा. हा दोष घराण्यातूनही येतो, म्हणून आई-वडिलांच्या हनुवट्याही जरूर पाहाव्यात. खालचा जबडा किशोरवयात पुन्हा वाढतो आणि काहींना पुढे शस्त्रक्रिया लागतेच, हे पालकांना पैसे घेण्यापूर्वी सांगावे. खर्च न झेपणाऱ्यांसाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे.