खाराचा क्षार कुणी केला?

प्रश्न असा: तळणाच्या जुन्या तेलाचं बायोडिझेल करताना कॉस्टिक सोडा घालतात. एका माहितीपत्रकात त्याला 'उत्प्रेरक' म्हटलंय, दुसऱ्यात 'क्षार'. बरोबर काय?

उत्प्रेरक (अभिक्रियेला वेग देणारा, स्वतः न संपणारा) हे त्याचं काम, क्षार ही जात. पण 'क्षार' वाचून मीठ समजणारे भेटले की डोकं उठतं. दोष त्यांचा नाही. हिंदीत क्षार म्हणजे अल्कली (पाण्यात विरघळणारा, आम्लाला मारणारा बेस) आणि सॉल्ट म्हणजे लवण. आपल्या पाठ्यपुस्तकांनी बेसला 'आम्लारी' केलं (आम्लाचा अरी, हे मात्र झकास) आणि क्षार नेऊन सॉल्टच्या गळ्यात बांधला. साफ चूक! पापडखार, सज्जीखार, जवखार घ्या. वाण्याच्या पुडीत खार अजून अल्कलीच आहे.

सुश्रुतसंहिता सांगते, क्षरण किंवा क्षणन करतो तो क्षार. झिजवणारा, खाणारा. पुढे कृतीच आहे: झाडांची राख पाण्यात कालवायची, गाळायची, आटवायची, त्यात शंखनाभी वगैरे लाल तापवून घालायची आणि लोखंडी घटात तोंड बांधून ठेवायचं. राखेतल्या पोटॅशियम कार्बोनेटला भाजलेल्या शंखाचा चुना भेटला की पोटॅशियम हायड्रॉक्साइड होतं. बायोडिझेलवाले कॉस्टिक सोड्याऐवजी वापरतात तेच हे! लोखंडी घटही उगाच नाही. ॲल्युमिनियमचं भांडं हे द्रावण खातं आणि वर हायड्रोजन सोडतं. अरबी 'अल्-कली' म्हणजेसुद्धा खाऱ्या झुडपांची राख. घरात राखेचा शब्द असताना शेजारच्या राखेचं शेपूट कापून अल्कलीसाठी 'अल्क' कशाला घडवायचा?

हां, उत्प्रेरक. ताज्या तेलाला लिटरमागे ३.५ ग्रॅम कॉस्टिक सोडा, २०० मिली मिथेनॉलमध्ये आधी विरघळवून, तेल ५५ अंशांवर. तळणाच्या तेलात मात्र मुक्त मेदाम्लं (तेल तुटून सुटलेली आम्लं) असतात, म्हणून आधी टायट्रेशन: लिटरभर पाण्यात १ ग्रॅम सोड्याचं द्रावण १ मिली तेलाला जितके मिली लागेल, तितके ग्रॅम लिटरमागे जास्त. हे जादा ग्रॅम उत्प्रेरक नव्हेतच. ते आम्लाशी भिडतात आणि साबण होऊन संपतात. उत्प्रेरक असा संपत नाही. म्हणजे एकाच पुडीतले पहिले साडेतीन ग्रॅम उत्प्रेरक, उरलेले नुसते आम्लारी. अंदाजानं टाकणाऱ्याचा सोडा कमी पडला तर तेल अर्धवट राहतं. जास्त झाला तर धुताना ताकावरच्या लोण्यासारखा साबणाचा थर येतो आणि तेल-पाणी वेगळं व्हायचं नाव घेत नाही.