मुंबईची मोठी फर्म की मडगावचं चेंबर?

ताई, मी फोंड्याची. सनद मिळून दीड वर्ष झालं. मुंबईच्या एका नामांकित लॉ फर्मने बोलावलंय, बँकिंग अँड फायनान्सच्या टीममध्ये, महिना 85 हजारांवर. मडगावचे एक ज्येष्ठ वकीलही घ्यायला तयार आहेत. तिथे काम जमिनीच्या वादांचं आणि इन्व्हेंटरीचं, म्हणजे मयताच्या मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याच्या कोर्टातल्या प्रक्रियेचं, महिना 12 हजार. मला इन्व्हेंटरीचंच काम आवडतं. बाबा म्हणतात, एवढं नाव चालून आलंय, ते सोडणं करंटेपणा. आवडीचं काम नंतरही करता येईल, न्यायाधीशपदाची परीक्षाही तिथूनच देता येईल. पंधरा तारखेपर्यंत कळवायचं आहे. काय करू?
– एक कनिष्ठ वकील, फोंडा

बाय, 'आवडीचं काम नंतरही करता येईल' हे बाबांचं म्हणणं पुष्कळ विषयांत खरं ठरतं. गोव्याच्या जमीन आणि वारसा कायद्यात मात्र ते लंगडं पडतं.

तुझ्याकडे पहिल्या वर्षी येईल अशी एक साधी फाइल घे. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबाराच म्हण) अजून आजोबांचंच नाव आहे. तीन मुलगे, दोन मुली, गिऱ्हाईक तयार, विसार घेऊन झालेला. थोरला म्हणतो, आम्ही भावांनी सह्या केल्या की झालं. होत नाही. मुलींचा वाटा मुलांइतकाच. शिवाय लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर आपल्याकडे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक. म्हणजे डिचोलीला दिलेल्या मुलीच्या नवऱ्याचीही सही हवी, आणि तिन्ही सुनांचीही. मग कळतं की आजोबांचं वारसापत्रच झालेलं नाही. पुढे उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर आणि पोर्तुगीज काळच्या भूनोंदणीतलं वर्णन जुळवायला बसावं. जुन्या कागदात मिळकतीला नाव आणि चतुःसीमा आहेत, सर्व्हे नंबर नाही. पूर्वेला ज्याची जमीन लिहिली आहे तो गृहस्थ कधीच वारला. इतर हक्कांच्या रकान्यात एका मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं नाव, म्हणजे मामलेदाराकडची फेरी आली. उतारा म्हणजे मालकीचा निर्वाळा नव्हे, हे गिऱ्हाइकाला समजावणं वेगळंच.

वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरीचा 2012 चा कायदा 2016 पासून लागू आहे, तो पुस्तकात सापडतो. पण वारसांच्या आपसातल्या लिलावात बोली लावताना कोणी कितीपर्यंत जावं, जास्तीच्या वाट्याचे पैसे कोण कुठून उभे करणार, कुटुंबप्रमुख यादीतून काय वगळतोय, हे ज्येष्ठांच्या शेजारी बसूनच कळतं. जुन्या कागदांच्या आधारे जमिनी बळकावल्याच्या तक्रारींसाठी 2022 मध्ये सरकारला एसआयटी (विशेष तपास पथक) नेमावी लागली. तेव्हापासून हे कागद नीट वाचणाऱ्या वकिलाची किंमत वाढलीच आहे. ही नजर तिशीनंतर कमवता येत नाही असं नाही, पण 85 हजारांची सवय झाल्यावर 12 हजारांवर कोणी परत येत नाही. 'नंतर' अडतं ते इथेच.

फर्मच्या नावाला मी कमी लेखत नाही. मसुद्याची शिस्त, रात्री अकराला परत आलेला करार सकाळी स्वच्छ करून देण्याची सवय, मोठ्या अशिलाशी बोलण्याची रीत हे तिथे मिळतं. पण ते नाव चालतं दुसरी फर्म, कंपनीचं विधी खातं किंवा परदेशातलं एलएलएम यांच्या दारात. म्हापशाच्या कोर्टात अशील विचारतो तुझे सीनियर कोण ते. चवथीला जमलेल्या नातेवाइकांना फर्मचं नाव आवडेल, पण त्यांच्यातला एकही तुला वकालतनामा देणार नाही.

आता परीक्षा. सर्वोच्च न्यायालयाच्या 20 मे 2025 च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. वकिली तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात, पण दाखला लागतो तो प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा, किंवा दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा, त्या अधिकाऱ्याच्या शेऱ्यासह. दोन वर्षं कर्जाचे करार लिहून कोर्टाची पायरी न चढलेल्या मुलीला हा दाखला सहज मिळेल असं बाबांनी धरू नये. फर्मचं पत्रही नीट वाच. पूर्णवेळ पगारी नोकरी म्हटलं असेल तर बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे सनद स्थगित ठेवावी लागते आणि तो काळ वकिलीत धरला जात नाही. मानधनावर असशील तर सनद राहते; मग पीएफ नाही, आणि 10 टक्के टीडीएस कापून 76,500 हातात येतात. वर्षाच्या जमेतली निम्मीच रक्कम उत्पन्न धरायची सोय वकिलांना आहे, त्यामुळे कापलेला कर रिटर्न भरून परत मिळेल, पण वर्ष संपल्यावर. मुंबईतलं भाडं आणि डिपॉझिट मात्र पहिल्याच महिन्यात.

माझं मत मडगावच्या बाजूने आहे, पण 12 हजारांवर नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकात कनिष्ठांसाठी शहरात 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार मानधनाची शिफारस केली आहे. ही सक्ती नव्हे, तरी बोलणी तिथून सुरू करायला काय हरकत? निदान 15 वर आण आणि सहा महिन्यांनी वाढीचं आत्ताच बोलून घे. पैशांपेक्षा जास्त हट्ट धर तो दोन गोष्टींचा: वकालतनाम्यावर तुझं नाव, आणि स्वतःची छोटी कामं घेण्याची मोकळीक. या दोन्हींना टाळाटाळ झाली तर तारखा मागण्यात आणि झेरॉक्स काढण्यात दोन वर्षं जातील. अशी चेंबर्सही आहेत. होकारापूर्वी तिथल्या आताच्या ज्युनियरला चहाला ने आणि गेल्या महिन्यात स्वतः किती साक्षी घेतल्या ते विचार. जोडीला पोर्तुगीज शीक. पणजीत फुंदासांव ओरिएन्तमध्ये वर्ग चालतात. नोंदणीच्या कागदांपुरती भाषा वर्षभरात येते.

एका बाबतीत मात्र माझं उत्तर फिरेल. फर्मने तुला रिअल इस्टेटच्या टीममध्ये घेतलं तर दीड-दोन वर्षं जायला हरकत नाही. जोसे पावलो कुतिन्यो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरवलं की गोमंतकीयाची भारतात कुठेही असलेली मालमत्ता आपल्याच वारसा कायद्याने वाटली जाते. म्हणजे मुंबईतल्या फ्लॅटचा प्रश्नही तुझ्याच विषयात येतो. शिवाय हॉटेल आणि व्हिलांसाठी गोव्यात जमीन घेणाऱ्यांचे मुंबईचे वकील टायटल तपासायला इथल्याच वकिलाकडे येतात. आज नकार दिलास म्हणून ती फर्म कायमची दुरावली असं नाही.

तेव्हा उद्याच फर्मच्या एचआरला दोन ओळींचं ईमेल कर: रिअल इस्टेटच्या टीममध्ये जागा आहे का, आणि पत्र नोकरीचं आहे की मानधनाचं. तोंडी 'बघू' म्हणाले तर ते नाही समज. तेरा तारखेपर्यंत लेखी उत्तर आलं नाही, तर चौदाला आभार मानून नकार कळव. मडगावच्या वकिलांशी पैशांचं बोलणं त्याआधी उरकून घे, म्हणजे दोन्हीकडून हात रिकामे राहणार नाहीत. बाबांना वरची तीन वर्षांची अट आणि दाखल्याचा मजकूर वाचायला दे. परीक्षेचा मुद्दा त्यांचाच आहे.