गालगुंड बरं झालं पण कान गेला, चूक माझी का?

"मॅडम, मी त्याला मारलं होतं हो," एवढंच बोलली आणि ती आई रडायलाच लागली. मुलगा आठ वर्षांचा. दोन महिन्यांपूर्वी गालगुंड झालेलं, आठ-दहा दिवसात सूज उतरली, शाळा सुरू झाली आणि मग तक्रारी, लक्ष देत नाही, हाक मारली की भलतीकडेच बघतो. हिला वाटलं मुद्दाम करतोय, एकदा चापट दिली. मग एकदा आजीचा फोन आला, त्याने डाव्या कानाला लावला नि म्हणाला आजी बोलतच नाहीये. ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीत, डावा कान जवळजवळ पूर्ण गेलेला. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच, माझ्या चापटीने गेला.

मी विचारलं, चापट का मारलीत? "ऐकत नव्हता म्हणून." म्हणजे आधी ऐकू येणं गेलं, चापट नंतरची. ती गप्पच झाली. ईएनटी डॉक्टरांनीही पडदा शाबूत असल्याचं सांगितलं होतं, पण तेव्हा तिला काही ऐकूच आलं नसणार. गालगुंडाचा व्हायरस कधीकधी आतल्या कानापर्यंत जातो, दुखत नाही, वाहत नाही, दुसरा कान चांगला असतो म्हणून पोरालाही धड सांगता येत नाही.

मग नेहमीचा प्रश्न, दुसरा पण जाईल का? गालगुंडात बहुतेक वेळा एकच कान जातो, तो आजार नंतर हळूहळू दुसऱ्या कानात पसरत नाही. गेलेला कान परत येईल अशी खोटी आशा मात्र मी दिली नाही. अचानक ऐकू येईनासं झालं तर स्टिरॉइडचा उपयोग झालाच तर पहिल्या दोनेक आठवड्यात, म्हणून कोणालाही असं वाटलं तर कानात तेल घालत बसू नका, त्याच दिवशी ईएनटीकडे जा.

"पण सगळे डोस दिले होते!" दिले होतेच, पण सरकारी मोफत लसीत गोवर-रुबेला असतं, गालगुंड नसतं, ते एमएमआर लसीत, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्र लसीत. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, मग तिची चूक कशी? धाकटीच्या लसीसाठी बालरोगतज्ज्ञांना विचारा म्हटलं.

शाळेतल्या बाईंना चिठ्ठी दिली, वर्गात डाव्या भिंतीकडे पुढचा बेंच, म्हणजे चांगला कान बाईंकडे. रस्ता ओलांडताना हात धरायचा, आवाज कुठून आला ते एका कानाने कळत नाही. कानाच्या मशीनचं ऑडिओलॉजिस्टशी, म्हणजे श्रवणतज्ज्ञाशी, बोलणं चालू आहे.

परवा आली होती. आता जेवताना कोण कुठे बसणार ते तोच ठरवतो म्हणे, आजी कायम उजवीकडे.