आयसीयूतल्या पेशंटला सिस्टर दर दोन तासांनी का हलवतात? निवांत पडू का देत नाहीत?

प्रश्न असा आहे: वडील 68 वर्षांचे, धुळ्यात आयसीयूत, व्हेंटिलेटरवर. रात्री-अपरात्री सिस्टर त्यांना कुशीवर करतात, नळीतून काहीतरी ओढतात, तोंड पुसतात. आधीच अर्धमेला माणूस, त्याला त्रास कशाला?

भाऊ, मी जळगावात आयसीयूत सिस्टर आहे. चौदा वर्षांत हे कोणी मला रडून विचारलंय, कोणी भांडून. तुमच्या वडिलांना मी पाहिलेलं नाही, म्हणून त्यांच्या औषधांबद्दल बोलत नाही. हलवण्याबद्दल बोलते, कारण ते माझं काम आहे.

आपण झोपेत किती वेळा कूस बदलतो ते आपल्यालाही कळत नाही. गुंगीच्या औषधावरच्या माणसाला ती बदलता येत नाही. मग माकडहाड, टाचा, खुबा, जिथे हाड वर असतं तिथली कातडी हाड आणि गादीमध्ये चेपून राहते. रक्त पोचत नाही, जागा लाल होते. त्या लालीवर मी बोट दाबून सोडते. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ गेलेली नाही. दाबूनही लालच राहिली, तर आत इजा सुरू झालेली असते. हवेची गादी लावली म्हणून हे टळत नाही, कूस बदलावीच लागते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, आधीच्या एका हॉस्पिटलात, रात्री सात बेड आणि आम्ही दोघीच. एका आजोबांची पाठ, टाचा मी नेमाने बघत होते. डोक्याची मागची बाजू केसांमुळे राहून गेली. पाचव्या दिवशी उशीच्या अभ्र्यावर रुपयाएवढा ओला डाग दिसला. आजोबा मूळ दुखण्यातून उठले, पण डोक्याला जखम घेऊन घरी गेले. तेव्हापासून मी प्रत्येक पेशंटच्या केसांत बोटं फिरवते. नातेवाइकांना वाटतं, सिस्टर लाड करतेय.

कूस बदलणं दोघा-तिघांचं काम. श्वासाची नळी धरणारी एकच, आणि 'एक, दोन, तीन' तीच म्हणणार. आधी ओठापाशी नळीवरचा सेंटिमीटरचा आकडा बघायचा, म्हणजे नळी किती आत आहे ते कळतं, समजा 22. वळवून झालं की पुन्हा बघायचा, 22च पाहिजे. डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उचललेली असते, नाहीतर पोटातलं फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. म्हणून पेशंट खाली घसरलेला दिसला की आम्ही त्याला वर ओढतो. बीपी फारच डळमळीत असेल तर मात्र डॉक्टरांशी बोलून थोडं थांबतो.

नळीतून जे ओढतात ते सक्शन. तोंडात नळी असली की माणसाला नीट खोकता येत नाही, कफ आतच साचतो. आधी ऑक्सिजन वाढवायचा, मग ओढायचं, पण एका वेळी 10-15 सेकंदांच्या वर नाही. सुरुवातीला मी तेवढा वेळ स्वतःचाही श्वास धरायचे. आपला जीव कासावीस झाला की समजायचं, पुरे. सक्शन करताना वडिलांचा चेहरा लाल होतो, डोळ्यांत पाणी येतं. बघवत नाही, मान्य आहे. पण नळी कफाने बंद झाली तर मशीन कितीही भारी असो, हवा जाणार कुठून?

बाकी कामं बाहेरून दिसत नाहीत. तोंड उघडं राहतं, म्हणून मऊ ब्रशने दात-जीभ साफ करणं. पापण्या पूर्ण मिटत नसतील तर बुबुळ कोरडं पडून जखम होते, म्हणून डोळ्यांत मलम. दर तासाला लघवी मोजणं: 60 किलोच्या माणसाला तासाला साधारण 30 मिली तरी हवी. दोन तास 15-15च आली की मी डॉक्टरांना फोन लावते.

आपल्याकडे फवारणीचं औषध पोटात गेलेले पेशंट कापसाच्या हंगामात येतात. दोन दिवसांनी लाळ, घाम आटोक्यात येतो, घरचे म्हणतात सुटलो. नेमकं तेव्हा मी दर फेरीला सांगते, "उशीवरून मान उचला." काल उचलणाऱ्याला आज जमली नाही, तर श्वासाचे स्नायूही ढिले पडायला लागलेले असू शकतात. ऑक्सिजन 98 दिसत असतानाच डॉक्टरांना उठवायचं असतं. आकडा पडायची वाट पाहिली की धावपळ होते.

तुमचं एक मात्र बरोबर आहे. झोप हवीच. रात्रभर दिवे, अलार्म आणि दर अर्ध्या तासाला कोणीतरी हात लावणं, याने पेशंटला भ्रम होतो. म्हणून कूस, सक्शन, तोंड, सगळं एकाच फेरीत उरकून मधला वेळ दिवे मंद करून द्यावा. हे तुम्ही तिथल्या सिस्टरला नक्की विचारा, रागाने नाही, जेवण झालं का विचारून मग.

आणि बोला त्यांच्याशी. बाहेरून आलेल्या नव्या मुली "डोळे उघडा" म्हणतात आणि 'प्रतिसाद नाही' लिहून मोकळ्या होतात. मी कानाशी जाऊन आपल्या अहिराणीत म्हणते, "आबा, डोया उघाडा, तुम्हना आंडोर बाहेर बठेल शे." म्हणजे डोळे उघडा, तुमचा मुलगा बाहेर बसलाय. कितीदा तरी तेवढ्याने पापणी हलली आहे. भेटायच्या वेळी हात नीट धुऊन जा, आज वार कोणता, घरी काय चाललंय ते घरच्या बोलीत सांगा. चमच्याने पाणी, अंगारा, नारळपाणी तोंडात घालू नका, एक घोटही श्वासनलिकेकडे गेला तर आठवड्याची मेहनत जाते. शुद्धीवर यायला लागले की चष्मा आणि कानाचं मशीन नेऊन द्या. कवळी असेल तर आजच मागून घरी घेऊन या, तिथे ती हमखास हरवते.