गुठळी, इंजेक्शन आणि मेंदूची भिंत

प्रश्न : वडील रात्री दहाला ठणठणीत झोपले. सकाळी सहाला उठवायला गेलो तर तोंड वाकडं, उजवा हात लुळा. अर्ध्या तासात हॉस्पिटल गाठलं, तरी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं नाही. का?

उत्तर : तुम्ही धावपळीत कुठेही कमी पडला नाहीत. पण वेळ मोजतात ती माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून, म्हणजे रात्री दहापासून. अर्धांगवायूत मेंदूच्या वाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणाऱ्या या इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची. त्यानंतर ते धोक्याचं का, तर ऐका. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातलं सहसा काही मेंदूत झिरपत नाही. हा रक्त-मेंदू अडसर. रक्तपुरवठा तुटला की मेंदूबरोबर ही भिंतही उपाशी राहते. तिचे सांधे सुटतात, एमएमपी-९ नावाचं विकर (एन्झाइम) तिचा पाया कुरतडतं. उशिरा गुठळी विरघळली तर परतणारं रक्त या खिळखिळ्या भिंतीवर आदळतं आणि ती फोडून मेंदूत पसरू शकतं. त्यात अल्टेप्लेज, म्हणजे या इंजेक्शनातलं औषध, स्वतःच त्या विकराला चेतवतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय.

झोपेतल्या झटक्यात काही ठिकाणी एमआरआयवरून इजा किती ताजी आहे ते ठरवून इंजेक्शन देतात. मोठी वाहिनी बंद असेल तर निवडक रुग्णांची गुठळी २४ तासांपर्यंत कॅथेटरने (वाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीने) काढता येते. वडिलांबाबत याचा विचार झाला होता का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

प्रश्न : आईला दोन तासांत इंजेक्शन मिळालं, तरी दुसऱ्या दिवशी मेंदूत रक्तस्राव झाला. संमतीची सही माझी होती. माझं चुकलं का?

उत्तर : नाही. हा उपचार १९९५ सालच्या ज्या अमेरिकी चाचणीवर उभा आहे, तिच्यात तीन तासांच्या आत औषध मिळालेल्या ६.४ टक्के रुग्णांची प्रकृती रक्तस्रावाने बिघडली. न मिळालेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होतं. तरीही तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे लोक औषधाच्या गटातच जास्त होते आणि मृत्यू वाढले नव्हते. धोका टाळण्यासाठीच नंतरचे २४ तास बीपी १८०/१०५ च्या खाली ठेवतात, अ‍ॅस्पिरिनही देत नाहीत. एवढं करूनही काहींची भिंत टिकत नाही. माझी आई असती तर मीही सही केली असती.

प्रश्न : अर्धांगवायूची शंका आली तर घरी अ‍ॅस्पिरिन द्यावी का?

उत्तर : नको. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय मलाही कळत नाही. पाणीही पाजू नका, ठसका लागेल. माणूस शेवटचा बरा दिसल्याची वेळ तेवढी लिहून घ्या आणि निघा.

प्रश्न : काका दोन दिवस बोलत होते, तिसऱ्या दिवशी गुंगीत गेले. असं का?

उत्तर : बहुधा सूज. ढिल्या झालेल्या भिंतीतून पाणी आणि प्रथिनं मेंदूत झिरपत राहतात. झटका मोठा असेल तर दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सूज सर्वांत जास्त असते. कधी कवटीचा तुकडा काढून मेंदूला जागा द्यावी लागते. म्हणून त्या दिवसांत रात्री जो कुणी उशाशी बसेल त्याला सांगून ठेवा : हाकेला ओ यायला उशीर लागला की सिस्टरना लगेच बोलवायचं, सकाळच्या राउंडची वाट पाहायची नाही.