जुनं सोडा मशीन आणि मुंबईत मिळणारे भाग : वाचकांचे प्रश्न

जुन्या व्हेंडिंग मशीनचा भाग शोधताना बहुतेक जण मशीनवरचं नाव घेऊन बाजार पालथा घालतात. दुकानदाराला ते नाव माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी भाग मिळत नाही. नावाऐवजी माप घेऊन जा : व्यास, जाडी, आटे, व्होल्ट, हर्ट्झ. डोळ्यांना दिसणारा भाग मूळचाच राहू द्या. आत लपलेला भाग मापात बसणारा असेल तर खुशाल इथला घाला.

प्रश्न : अमेरिकेत बनलेलं बाटल्यांचं मशीन आहे. पाटीवर ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलंय. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावला की कॉम्प्रेसर गुणगुणतो आणि थोड्या वेळात बंद पडतो. कोणता कॉम्प्रेसर बसेल? (गिरगाव)

उत्तर : आधी ट्रान्सफॉर्मर काढून ठेवा. तो व्होल्टेज उतरवतो, पण हर्ट्झ ५० चेच राहतात. ६० हर्ट्झच्या मोटरला ५० हर्ट्झवर ११५ व्होल्ट दिले की तिच्या लोखंडात चुंबकीय प्रवाह सुमारे २० टक्के जास्त होतो. त्यामुळे ती जास्त करंट खाते आणि तापते. मग ओव्हरलोड (मोटर तापली की वीज तोडणारा स्विच) तिला तोडतो. अशा मोटरला ५० हर्ट्झवर साधारण ९६ व्होल्टच पुरतात, आणि तेवढे दिले तरी ती सुमारे १७ टक्के हळू फिरते. दारूखान्यात (जहाजांच्या भंगाराच्या बाजारात) जहाजांवरून उतरलेले ११५ व्होल्टचे ट्रान्सफॉर्मर दिसतात, तेही पाटी वाचूनच घ्या. त्यातले बरेच ६० हर्ट्झसाठी बनलेले असतात आणि इथल्या विजेवर स्वतःच तापतात.

कॉम्प्रेसर जिवंत आहे का, ते पाहायला प्लग काढा, रिले (मोटर सुरू करून देणारा स्विच) आणि ओव्हरलोड बाजूला करा आणि मल्टिमीटरने तिन्ही पिना दोन-दोन करून मोजा. तीन आकडे मिळतील. सगळ्यात लहान आकडा रनिंग वाइंडिंगचा (मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्याचा), मधला स्टार्टिंग वाइंडिंगचा आणि मोठा त्या दोघांची बेरीज. समजा २ आणि ७ ओहम आले, तर तिसरा ९ च्या आसपास हवा. बेरीज जुळली नाही किंवा पिन आणि बॉडी यांच्यात मीटर काही दाखवू लागला, तर वाइंडिंग गेलं. बेरीज जुळली तर दोष बहुधा रिलेचा किंवा चुकीच्या विजेचा.

मशीन रोज चालवायचं असेल तर थंड करणारी यंत्रणाच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची करून घ्या. जुन्या मशीनमध्ये थंड करणारा वायू बहुधा आर-१२ असतो, आणि ओझोन वाचवण्याच्या मॉन्ट्रियल करारामुळे २०१० पासून तो भारतात बंद आहे. मेकॅनिकला तो हवेत सोडू देऊ नका, रिकव्हरी सिलिंडरमध्ये भरून घ्यायला सांगा.

नवा कॉम्प्रेसर आर-१३४ए चा (आर-१२ च्या जागी आलेल्या वायूचा) घ्या. जुन्याच्या पाटीवरची एचपी पाहून तेवढ्याचाच, बहुधा १/६ ते १/५ एचपी. तो बॉटल कूलरसाठीचा असावा. घरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर उणे २३ अंशांच्या आसपासच्या बाष्पीभवनासाठी बनतो. सोडा मशीनमध्ये कॉइल उणे १० च्या आसपास असते आणि दुपारी गरम बाटल्या भरल्या की त्याहून वर जाते. फ्रिजचा कॉम्प्रेसर तिथे सतत ओव्हरलोडवर तुटत राहतो. दुकानात ‘मीडियम किंवा हाय बॅक प्रेशर’ असं सांगून मागा.

त्याच्यासोबत पुढच्या गोष्टी बदलायलाच हव्यात. आर-१३४ए ला पीओई हे कृत्रिम तेल लागतं. जुनं मिनरल तेल त्यात मिसळत नाही, कॉइलमध्ये साचून राहतं. म्हणून कंडेन्सर आणि कूलिंग कॉइल फ्लशिंग द्रवाने धुऊन नायट्रोजनने फुंकून घ्या. काढलेल्या तेलाला जळका, आंबट वास असेल तर दोनदा धुवा. ड्रायर (वायूतली ओल शोषणारी नळी) एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ चा हवा, जुना एक्सएच-५ चालत नाही. कॅपिलरी (कॉइलकडे जाणारी बारीक नळी) नवी घ्या, तिचा व्यास आणि लांबी नव्या कॉम्प्रेसरच्या तक्त्यावरून ठरवा. नायट्रोजनचा दाब १५० पीएसआय भरून साबणाच्या फेसाने जोड तपासा. मग ५०० मायक्रॉनपर्यंत (हे व्हॅक्यूमचं माप) व्हॅक्यूम करा, पंप बंद करून काटा चढतो का ते पाहा. पीओई तेल हवेतली ओल ओढतं. मुंबईच्या पावसाळ्यात कॉम्प्रेसरची टोकं उघडी टाकून जेवायला जाणारा मेकॅनिक तुमचा नवा कॉम्प्रेसर तिथेच बिघडवतो.

वायू वजन काट्यावर मोजूनच भरा. जुन्या पाटीवरच्या आर-१२ च्या वजनाच्या ९० टक्क्यांपासून सुरुवात करायची. ‘आर-६००ए घाला, स्वस्त पडतं’ असा सल्ला मिळेल. हा वायू पेट घेतो आणि या मशीनमध्ये ठिणगी पडणारे उघडे स्विच असतात. तो घालू नये.

पंखा, ट्यूबलाइटचा चोक आणि थर्मोस्टॅट हेही २३० व्होल्टचे लागतील. ते लोहार चाळीत आणि फ्रिजच्या भागांच्या दुकानांत मिळतात. कापडी किंवा रबरी वेष्टनाची जुनी वायर पूर्ण काढा. पत्र्याच्या बॉडीला अर्थिंग द्या आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा. या कामात कसर नको. ओल्या हाताने बाटली घेणारं मूल याच पत्र्याला हात लावणार आहे.

प्रश्न : आपली नाणी या मशीनमध्ये चालतील का? स्लॉट ५ सेंटचा आहे. (दादर)

उत्तर : नुसता स्लॉट कानशीने मोठा करून चालणार नाहीत. तसं करूही नका, स्लॉटची पट्टी पुन्हा मिळत नाही.

अमेरिकेचं ५ सेंटचं नाणं २१.२१ मिमी व्यासाचं, १.९५ मिमी जाड आणि ५ ग्रॅमचं असतं. आपला २०११ च्या मालिकेतला रुपया जवळपास २२ मिमी, म्हणजे आत जात नाही. २०१९ च्या मालिकेतला २० मिमी, म्हणजे आत जातो पण तोलाच्या पाळण्यातून (नाणं तोलून पाहणाऱ्या झुल्यातून) निसटतो. शिवाय दोन्ही चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचे आहेत. स्लॉटमागच्या रिजेक्टरमध्ये लोखंडी चकत्या अडवायला चुंबक असतो, रुपया तिथेच अडकून बसतो. २५ सेंटच्या मार्गात (२४.२६ मिमी) २०११ च्या मालिकेतलं पितळी ५ रुपयांचं २३ मिमीचं नाणं शिरतं आणि चुंबकाला चिकटतही नाही. पण ते २५ सेंटच्या नाण्याइतकं चांगलं विजेचं वाहक नसल्यामुळे चुंबकासमोरून जाताना मूळ नाण्यापेक्षा कमी मंदावतं. मग वेगळ्या जागी पडतं आणि परत बाहेर येतं.

दोन मार्ग आहेत. आम्हाला पहिला पसंत आहे : मूळ मेकॅनिझम ठेवून टोकन बनवून घेणं. २१.२ मिमी व्यास आणि १.९५ मिमी जाडी. कप्रोनिकेलचा (तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा) पत्रा मिळाला तर मेकॅनिझमला काहीही करावं लागत नाही. पितळच वापरायचं असेल तर मंदावणारा चुंबक काढून पिशवीत, चिठ्ठीसह जपून ठेवा. आधी दहा टोकन करा, प्रत्येक दहादा टाकून पाहा, मगच मोठी ऑर्डर द्या. कडेला बर (कापताना राहिलेला धारदार कंगोरा) राहिली तर टोकन पाळण्यात तिरपं बसतं.

दुसरा मार्ग लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या १२ व्होल्टच्या इलेक्ट्रॉनिक कॉइन अॅक्सेप्टरचा. त्याला आपलीच नाणी शिकवता येतात. इथे एक चूक नेहमी होते. अॅक्सेप्टरचा पल्स बहुधा ०.१ सेकंद किंवा त्याहूनही छोटा असतो, तेवढ्यात मशीनचं जुनं सॉलेनॉइड (विजेने दांडा ओढणारं वेटोळं) ओढलं जात नाही. मध्ये टायमर रिले घालून पल्स अर्धा ते एक सेकंद करा. सॉलेनॉइड डीसी असेल तर त्याच्यावर डायोड, एसी असेल तर आरसी स्नबर (विजेचा झटका शोषणारा भाग) लावा, नाहीतर त्याच्या झटक्याने अॅक्सेप्टर स्वतःलाच खोटी नाणी मोजून दाखवतो.

नाणं घासून लहान करायचा मोह टाळा. नाणी नष्ट करणं हा नाणे कायदा, २०११ प्रमाणे गुन्हा आहे.

प्रश्न : २०० मिलीच्या काचेच्या बाटल्या भरल्या. कधी एकदम दोन पडतात, कधी एकही नाही. कोणता भाग बदलू? (ठाणे)

उत्तर : बहुधा कोणताच नाही. ही मशीनं साडेसहा औंसाच्या, म्हणजे सुमारे १९२ मिलीच्या बाटलीसाठी घडवलेली असत. मिली जवळचे असले तरी आकार जुळतोच असं नाही. व्हर्नियरने बाटलीचा सगळ्यात जाड भाग मोजा आणि रकान्याची आतली रुंदीही. मूळ बाटली ६० मिमीची आणि तुमची ५६ ची असेल, तर दोन्ही बाजूंना २-२ मिमीची एचडीपीई प्लास्टिकची पट्टी काउंटरसंक (डोकं आत बुडणाऱ्या) स्क्रूने बसवा. गोंद थंडीत आणि ओलीत सुटतो. बाटली बारीक असली की वरचा अडसर तिला वेळेत धरत नाही, म्हणून दोन पडतात. एकही न पडण्याचं कारण बहुतेक वेळा जुनं वाळलेलं ग्रीस असतं. ते रॉकेलने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि फूड-ग्रेड सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. एवढं करूनही अडसर डुलत असेल तर पिवट पिनचं बुश झिजलंय. ते कोणीही लेथवाला पितळात करून देईल.

चाचणी पाण्याने भरलेल्या बाटल्यांनी करा. गॅसच्या पेयाची बाटली रकान्यातून आपटून फुटली तर काचा तोंडापर्यंत उडतात. थर्मोस्टॅट ३ ते ५ अंशांवर ठेवा. साधा सोडा गोड पेयांच्या आधी गोठतो आणि बाटली तडकवतो.

प्रश्न : स्क्रू आणि कुलूप कुठलं बसेल? एम-६ चा बोल्ट सैल होतो. (परळ)

उत्तर : सैल होणारच. मूळ बोल्ट बहुधा पाव इंची यूएनसी (अमेरिकन आट्यांचा), इंचाला २० आटे, ६.३५ मिमीचा. एम-६ बारीकही आहे आणि त्याचे आटे १ मिमीचे. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात पाव इंची यूएनसी मागा. तो नसेल तर पाव इंची बीएसडब्ल्यूचेही (ब्रिटिश आट्यांचेही) २० आटेच असतात. आट्याचा कोन ६० ऐवजी ५५ अंश असला तरी हलक्या झाकणाला तो चालून जातो. १०-२४ च्या स्क्रूच्या जागी ३/१६ बीएसडब्ल्यू तसाच चालतो. अर्ध्या इंचाला मात्र हा उपाय लावू नका, तिथे यूएनसीचे १३ आटे आणि बीएसडब्ल्यूचे १२. कॉम्प्रेसरच्या पायांना आणि दाराच्या बिजागरीला नेमकाच बोल्ट घाला.

कुलपाची नळी मोजा. १९ मिमी निघाली तर आजचं ट्युब्युलर कॅम लॉक बसतं, फक्त जुन्याचा कॅम (आतली फिरणारी जीभ) त्याच्यावर चढवा. मूळ टी-हँडल फेकू नका.

प्रश्न : दाराच्या कडेने पाणी ठिबकतं. (वसई)

उत्तर : गॅस्केट (दाराची रबरी कड) कडक झालंय. कागदाची पट्टी दारात धरून ओढा, सहज निघाली ती जागा गळते. जुन्या गॅस्केटचा दोन इंची तुकडा कापून नमुना म्हणून न्या आणि त्याच छेदाचं ईपीडीएम रबर घ्या. चुंबकी फ्रिज गॅस्केट इथे बसत नाही, हे दार दाबाने बंद होतं. गॅस्केट बदलूनही घाम येत असेल तर दारातली काचलोकर भिजलेली आहे. ती काढून पीयूएफ (फोमची) शीट भरा. काढताना मास्क आणि हातमोजे घाला.

प्रश्न : पावडर कोटिंग करू का? (चेंबूर)

उत्तर : आम्ही टू-पॅक पीयू रंग (रंग आणि हार्डनर मिसळून लावायचा) सुचवू. पावडर कोटिंग १८० ते २०० अंशांना भाजतात, त्यात पोचे भरलेली पॉलिस्टर पुट्टी फुगते. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा घासू नका, पाण्याने ओला करून घासा आणि मुलांना लांब ठेवा. तळाचा पत्रा मुंबईच्या हवेत आधी सडतो, तिथे आतून झिंक प्रायमर द्या. उठावाची अक्षरं असतील तर त्यांच्या कडांवर सँडर फिरवू नका, ती कड एकदा गोल झाली की परत येत नाही.